बाबा म्हणाले "नटसम्राट बघितलायस ना?" आणि विषय संपला. सिनेमा-नाटकातून शिकलेलं तुम्ही खरंच घरात वापरता का?

पौडरोडचा_मुलगा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कोथरूडला राहतो, बिल्डिंग चाळीस वर्षं जुनी आहे आणि सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीये. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर. बाबा ७४ चे, आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी, बायको आणि मुलगी बाबांबरोबरच राहतो, ताई नाशिकला असते. बिल्डरबरोबर करार व्हायच्या आधीच बक्षीसपत्र करून फ्लॅट मुलांच्या नावावर करून टाका म्हणजे नंतर धावपळ नको, असं सोसायटीतल्याच एका काकांनी मला सुचवलं आणि मला ते पटलं पण, ताईला फोन केला तर तिचीही ना नव्हती. मग रविवारी जेवणं झाल्यावर बाबांना सांगितलं. बाबा आधी काहीच बोलले नाहीत, बडीशेप घेतली, आणि मग एवढंच म्हणाले, "तू नटसम्राट बघितलायस ना रे?" आणि उठून आत गेले.

मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाहीये. राग नाही आला, पण खूप लागलं. आई गेल्यापासून दर रविवारी बाबांच्या आठवड्याच्या गोळ्यांचा डबा मी भरतो, त्यांची पेन्शनची कामं, दाताचा डॉक्टर, सगळं मीच बघतो, आणि मी ते उपकार म्हणून करत नाही, मला आवडतं त्यांच्याबरोबर असणं. आणि त्यांना माझ्यात नटसम्राटमधला, बापाने सगळं देऊन टाकल्यावर बाप नकोसा झालेला तो मुलगा दिसला? रात्री झोपच नाही आली.

बाबांचं आणि त्या नाटकाचं नातं जुनं आहे हे सांगायला पाहिजे. शिरवाडकरांचं नाटक १९७० च्या डिसेंबरात आलं, बाबांनी ते १९७२ मध्ये बालगंधर्वला बघितलं, तेव्हा ते कॉलेजात होते, सदाशिव पेठेत काकांकडे राहून शिकत होते. डॉ. श्रीराम लागूंचे अप्पा बेलवलकर, म्हणजे त्यातला म्हातारा नट. आम्ही लहान असल्यापासून त्या प्रयोगाबद्दल ऐकत आलोय, नाटक सुटल्यावर लोक बाहेर येऊन नुसते उभे होते, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, बाबा तिथून चालत घरी आले. मग २०१६ च्या जानेवारीत नाना पाटेकरांचा सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे मिळून गेलो होतो, आई खूप रडली होती, आणि बाबा येताना म्हणाले नानाने छान केलंय पण लागूंचं वेगळंच होतं. म्हणजे हे आमच्या घरातलंच नाटक आहे म्हणा ना. पण ते आपल्या घरावर असं लागू होईल असं कधी डोक्यातही आलं नव्हतं.

तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक तर कागदपत्रांचं ज्यांना कळतं त्यांनी सांगा की मी सुचवलं ते चुकीचं होतं का. आणि दुसरं, जे मला जास्त जाणून घ्यायचंय, की नाटक सिनेमा मालिका बघून तुम्ही खरंच आयुष्यातला एखादा निर्णय घेतलाय का आणि तो बरोबर ठरला का. आपण सगळे म्हणतो अमुक सिनेमाने खूप शिकवलं, पण शिकवलं म्हणजे नेमकं काय केलंत तुम्ही दुसऱ्या दिवशी उठून?

दस्तवाली_ताई:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. मी स्वतः वकील नाही पण वकिलांकडे दस्त तयार करायचं काम एकवीस वर्षं करतेय, तेव्हा रोज हेच बघते.

बाबांनी सही केली नाही ते बरं केलं, तुम्ही वाईट आहात म्हणून नाही, त्याची गरजच नाहीये म्हणून. रिडेव्हलपमेंटसाठी फ्लॅट मुलांच्या नावावर असावा लागतो हे कोणी सांगितलं? नवीन जागेचा करार बाबांच्याच नावाने होतो, ते सभासद आहेत, ते हयात आहेत, ते सही करू शकतात, संपलं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की त्याच क्षणी मालकी गेली, उद्या बाबांचं मन बदललं तर ते सहज मागे घेता येत नाही. मृत्युपत्राचं तसं नाही. ते साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, आणि हवं तितक्या वेळा बदलता येतं, शेवटचं असतं ते धरतात. साक्षीला घरातला, ज्याला त्यातून काही मिळणार आहे असा माणूस घेऊ नका, शेजारचे किंवा फॅमिली डॉक्टर घ्या.

आणि ज्यांनी आधीच बक्षीसपत्र करून दिलंय अशा आईवडिलांसाठी लिहून ठेवते, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे त्यात कलम २३ आहे. मालमत्ता देताना मुलांनी सांभाळायचं अशी अट असेल आणि नंतर मुलांनी सांभाळलं नाही तर प्रांत अधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरणात अर्ज करून तो दस्त रद्द करून घेता येतो. पण ती अट दस्तातच लिहिलेली असेल तर काम सोपं होतं, नाहीतर अट होती हे सिद्ध करत बसावं लागतं. ज्यांना आत्ताच द्यायचंय त्यांनी निदान हयातीपर्यंत त्याच घरात राहायचा हक्क तरी दस्तात राखून ठेवावा. आमच्याकडे येणारे म्हातारे आईवडील ही ओळ घाला म्हणून स्वतः कधीच म्हणत नाहीत, मुलांना काय वाटेल म्हणून गप्प बसतात, मग मीच त्यांच्यासमोर मुलांना विचारते की ही ओळ घालू ना? चांगली मुलं लगेच हो म्हणतात आणि आईवडिलांचा चेहरा एकदम सैल होतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

समोरचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये, ही म्हण सगळ्यांनाच पाठ आहे, पण पाट आपल्याकडे ठेवायचा कसा ते कागदावर कोणी समजावून सांगत नाही.

चिंचवडकर:

ताई, मुलाला बक्षीसपत्र २०० रुपयांत होतं म्हणतात ते खरंय का?

दस्तवाली_ताई:

हो, राहतं घर किंवा शेतजमीन असेल आणि नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात यांना देत असाल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. बाकीचे नोंदणीचे वगैरे खर्च वेगळे. भावाबहिणींना ही सवलत नाही. आणि खरं सांगू का, स्वस्त आहे म्हणूनच लोक घाई करतात.

भरतची_मागची_रांग:

दादा तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मला खूप बोलायचंय, कारण मी सिनेमा बघून निर्णय घेतलाय आणि तो अर्धा चुकला.

थ्री इडियट्स २००९ च्या डिसेंबरात आला तेव्हा मी अकरावीत होतो. इंजिनीअरिंगला गेलो तेव्हापासून डोक्यात त्यातलं, आपल्याला आवडतं तेच करायचं, हे होतंच, आणि कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये गेल्यावर तर विचारूच नका. पुरुषोत्तमच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमी म्हणजे रात्री दोन दोन वाजेपर्यंत, मग टपरीवर चहा, मग परत सकाळी तालीम. ज्यांनी भरत नाट्यला पुरुषोत्तमचा प्रयोग केलाय त्यांनाच ते कळेल, पडदा वर जायच्या आधी बाहेरून पोरांच्या आरोळ्या ऐकू येतात आणि पोटात खड्डा पडतो. आमचं नाटक फायनलला गेलं आणि मी ठरवलं की बस, हेच करायचं. सेकंड इयरला कॉलेज सोडलं. घरी सांगितलं तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की त्या सिनेमातल्या फोटोग्राफर व्हायचं असलेल्या मुलाचे वडील जसे एका सीनमध्ये विरघळतात तसे माझे पण विरघळतील. माझ्या वडिलांना चार वर्षं लागली. आणि ती चार वर्षं सिनेमात नसतात ना, तिथे थेट पुढचा सीन येतो. आमच्या घरात ती चार वर्षं रोज संध्याकाळी साडेसात वाजता वडील कामावरून यायचे आणि मी दुसऱ्या खोलीत जायचो, एवढंच होतं.

मला शेवटी ज्याने जाग आली ती गोष्ट डॉ. लागूंचीच आहे म्हणून तुझ्या धाग्यावर लिहावंसं वाटलं. नाटकवाली पोरं लागूंचं उदाहरण फार देतात, बघा डॉक्टरकी सोडून नाटकात आले. आमच्या तालमीत एक जुने दिग्दर्शक यायचे, ते एकदा चिडून म्हणाले, अरे पण त्यांनी काय काय करून मग सोडलं ते पण बघा की. पुण्यात बीजे मेडिकलला शिकले, कान नाक घशाचे सर्जन झाले, परदेशात पुढचं शिक्षण घेतलं, पुण्यात प्रॅक्टिस केली, आफ्रिकेत टांझानियात काम केलं, आणि ते सगळं चालू असताना हौशी नाटकं करतच होते, पूर्णवेळ नट झाले ते १९६९ च्या सुमाराला, चाळिशी ओलांडल्यावर. आणि पुढच्याच वर्षी नटसम्राट. मी त्या रात्री घरी जाऊन खूप विचार केला. मग डिग्री पूर्ण केली, आता दिवसा नोकरी करतो आणि शनिवार रविवार नाटकांचे लाइट्स करतो, प्रकाशयोजनेत मला बरं काम मिळतंय आणि मी खरंच खूश आहे. वडील माझ्या प्रत्येक प्रयोगाला येतात, नाटक कसं झालं ते बोलत नाहीत, उजेड छान पडला होता म्हणतात.

तर दादा, तुझ्या बाबांनी ते नाटक पन्नास वर्षं मनात बाळगलंय, त्यातलं त्यांना नेमकं काय टोचतंय ते तुला माहितीये का? तू गृहीत धरलंयस की त्यांनी तुला त्या मुलाच्या जागी बसवलं. कदाचित तसं नसेलही. तू विचारलंस का त्यांना?

पौडरोडचा_मुलगा:

नाही विचारलं. धाडसच होत नाहीये.

सहकारनगरच्या_काकू:

पोरा, विचार. मी तुझ्या आईच्या वयाची असेन म्हणून हक्काने सांगतेय.

माझी गोष्ट सांगते. माझ्या मुलीने इंग्लिश विंग्लिश बघितला आणि घरी येऊन मला मिठी मारून सॉरी म्हणाली. २०१२ सालची गोष्ट, ती तेव्हा नोकरीला लागलेली होती, ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर बघून आली. मी म्हटलं अगं कशाबद्दल, पण मला कळलं होतं. ती सातवीत असताना शाळेत पालकांची मीटिंग होती आणि ती म्हणाली होती आई तू नको येऊस, बाबांना पाठव. मी कारण विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. इंग्लिश शाळा होती, माझं इंग्लिश तसं नाही. त्या दिवशी मी चकल्यांची ऑर्डर होती म्हणून जमणार नाही असं सगळ्यांना सांगितलं, ऑर्डर बिर्डर काही नव्हती. हे आम्ही दोघी बारा तेरा वर्षं मनात ठेवून होतो आणि तो सिनेमा आला नसता तर अजूनही तसंच राहिलं असतं.

नंतर ती मला पण घेऊन गेली बघायला. श्रीदेवी त्यात पुण्याचीच दाखवलीये, लाडू करून विकणारी. आणि ज्या दिग्दर्शिकेने तो केला ती गौरी शिंदे, ती पण पुण्याचीच, तिच्या आईचा लोणच्यांचा घरगुती व्यवसाय होता आणि आईची माफी मागण्यासाठी हा सिनेमा केला असं तिने सांगितलेलं आहे. हे कळल्यावर तर मला तो माझ्या गल्लीतलाच वाटायला लागला.

पण एक सांगते, सगळ्यांना त्यातलं शेवटचं भाषण आवडतं, मला नाही ते राहिलं मनात. माझ्या मनात राहिलं ते लाडू. परीक्षेच्या दिवशीच लाडू पडतात, वाया जातात, आणि ती परीक्षा सोडून परत लाडू वळत बसते. मला थिएटरमध्ये इतका राग आला होता, मी मुलीला म्हटलं विकतचे आणायचे ना, जा ना तू परीक्षेला! मुलगी म्हणाली आई तू असतीस तर गेली असतीस? मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी उठून मी काय केलं विचारशील तर, ऑर्डरींचे भाव वाढवले. वीस वर्षं मी कष्टाचे पैसे लावतच नव्हते, तूप साखर डाळीचं पीठ आणि गॅस एवढंच मोजायची. तेव्हापासून माझे तास पण मोजते. सिनेमात असं काही सांगितलेलंच नाहीये, पण मला ते तिथूनच मिळालं.

म्हणून म्हणते, बाबांना कुठला सीन लागला ते विचार. तुला वाटतोय तोच असेल असं नाही.

शनिवारपेठी:

काकूंचं वाचून राहवलं नाही. सिनेमातून लोक काही शिकत नाहीत असं माझे मित्र म्हणतात तेव्हा मी त्यांना आमच्या घरातली गोष्ट सांगतो. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, आत्ता फिल्म इन्स्टिट्यूट आहे तीच ती जागा. १९३७ मध्ये त्यांचा कुंकू आला. तरुण मुलीचं फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावतात आणि ती ते मानायलाच नकार देते, शांता आपटेंनी काम केलंय. माझ्या आजीची मोठी बहीण तेव्हा सोळा वर्षांची होती आणि तिला असंच एक स्थळ आलं होतं, माणूस चाळिशीचा, पहिली बायको गेलेली, पैसेवाला. पणजोबांचं जवळजवळ ठरलं होतं. घरात असं सांगतात की पणजी शेजारणींबरोबर तो सिनेमा बघून आली आणि रात्री पणजोबांना म्हणाली, तुम्ही पण बघून या, मग काय ते ठरवा. पणजोबा गेले. स्थळाला नकार कळवला. बस, एवढंच, पुढे कोणी काही बोललं नाही. त्या मावशीआजीचं लग्न दोन वर्षांनी एका मास्तरांशी झालं, ती नव्वदीपर्यंत जगली, मी तिच्या हातची आमसुलाची कढी प्यायलोय.

पणजीने स्वतः वाद घातला असता तर पणजोबांनी ऐकलं नसतं असं आजी म्हणायची. तिने नुसतं बघून या म्हटलं.

पर्वतीच्या_पायथ्याशी:

मी हे कोणालाच सांगितलेलं नाही, पण धागा इतका मनापासून चाललाय म्हणून लिहिते.

श्वास आला २००४ मध्ये. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, मग भारतातर्फे ऑस्करला गेला आणि तिकडच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, माझ्या आईने पण शंभर रुपये दिले होते आणि तिला त्याचा केवढा अभिमान होता. कोकणातला आजोबा नातवाला डोळ्याच्या कॅन्सरसाठी शहरात घेऊन येतो आणि जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. त्यातले डॉक्टर म्हणतात की पेशंटला आधी सांगायला पाहिजे, मग तो लहान का असेना. आणि आजोबा ऑपरेशनच्या आधी त्या पोराला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर घेऊन जातो, जग दाखवायला.

पंधरा वर्षांनी माझ्या आईलाच कॅन्सर निघाला. आमच्या घरात सगळ्यांचं एकमत, आईला सांगायचं नाही, ती खचेल. मामा, मावशी, माझा भाऊ, सगळे. रिपोर्ट लपवले, गाठ साधी आहे म्हणून सांगितलं, डॉक्टरांना पण खुणा केल्या. मी पण त्यात होते. आई काही विचारायची नाही, फक्त आम्ही खोलीत गेलो की आमच्या तोंडाकडे बघायची, एकामागून एक सगळ्यांच्या. आणि एका रात्री तिच्या उशाशी बसलेली असताना मला एकदम श्वासमधला तो डॉक्टर आठवला. एवढ्याशा पोराला सांगितलं पाहिजे म्हणतात, आणि माझी आई ६८ वर्षांची, शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि तिला आम्ही सांगत नाही आहोत.

मी भावाशी खूप भांडले, तो म्हणाला सिनेमा बघून असले निर्णय घेतात का. पण सकाळी मी आईला सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं गं, तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत होते. मग तिने वहीत यादी केली. काय मोठं नव्हतं त्यात. तुळशीबागेत एकदा जायचं. पर्वती चढायची, ती अर्धीच चढता आली, मग पायरीवर बसून आम्ही शेंगदाणे खाल्ले. एका जुन्या विद्यार्थिनीला पत्र लिहायचं होतं. तिची पाटल्यांची जोडी कोणाला द्यायची ते तिने स्वतः ठरवलं आणि स्वतःच्या हाताने दिली. पाच महिने मिळाले आम्हाला, आणि त्या पाच महिन्यांत घरात कोणी कोणापासून काही लपवत नव्हतं.

भाऊ अजूनही म्हणतो सांगितलं नसतं तर ती अजून जगली असती. मला तसं वाटत नाही, पण मी आता त्याच्याशी वाद घालत नाही, त्याचं दुःख वेगळं आहे.

पौडरोड, तुझ्या बाबांनी त्या नाटकाचं नाव घेऊन तुझ्याशी काहीतरी बोलायला सुरुवात केलीये असं मला वाटतं. सरळ बोलता येत नसेल त्यांना.

भरतची_मागची_रांग:

ताई, शब्द नाहीत.

पौडरोडचा_मुलगा:

आठ दिवस काही लिहिलं नाही, माफ करा. सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं, पर्वतीच्या ताईंचं तर बायकोला पण वाचून दाखवलं.

काल रविवार होता. गोळ्यांचा डबा भरायला बसलो, बाबा समोर पेपर वाचत होते. मी डब्याकडेच बघत विचारलं, बाबा त्या नाटकातलं तुमच्या सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलंय. मला वाटलं वाटणीचं म्हणतील. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, मुलीच्या घरी पैसे सापडत नाहीत तेव्हा आळ येतो ना त्याच्यावर, ते. आयुष्यभर मानाने जगलेला माणूस आणि त्याला पोटच्या पोरीसमोर सांगावं लागतं की मी चोर नाही. घर जाणं वगैरे ठीक आहे रे, घर काय. पण स्वतःच्या घरात कपाट उघडताना कोणाला विचारावं लागलं तर मी जगू शकणार नाही.

मी म्हटलं बाबा, मी कधी असं... तर मला थांबवलं. म्हणाले तुझा विषय नाहीये हा. आणि मग थोडा वेळ थांबून म्हणाले, अप्पांबरोबर कावेरी होती. शेवटी ती जाते पण तोपर्यंत तरी होती. तुझी आई असती तर मी त्या रविवारी डोळे झाकून सही केली असती, मला काय फरक पडत होता कुठे राहतो त्याचा.

मी इतकी वर्षं त्या नाटकात मुलाकडेच बघत होतो. सिनेमा आम्ही चौघांनी एका रांगेत बसून बघितला, आई शेजारी रडत होती, आणि मला हे कधी सुचलंच नाही.

मग आम्ही बरंच बोललो. दस्तवाली ताईंनी लिहिलेलं मी बाबांना सगळं वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून परत स्वतः वाचलं. बिल्डरबरोबरचा करार बाबांच्याच नावाने होणार. मृत्युपत्र करायचंय, ते त्यांनी स्वतःच काढलं, मी काही बोललो नव्हतो. ताई दिवाळीला आली की तिच्यासमोर लिहिणार म्हणाले, मजकूर तिला आधी वाचायला देणार, साक्षीला आमचे डॉक्टर आणि तळमजल्यावरचे जोशी काका. फ्लॅट आम्हा दोघांना सारखा, पण आईचं शिलाई मशीन माझ्या मुलीला द्यायचं असं त्यात वेगळं लिहायचंय त्यांना. ताईला आजच फोन केला, ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली मशीन तिलाच जायला हवं.

भरतवाल्या दादा, तुझ्या पुढच्या प्रयोगाची तारीख कळव, इथे कोथरूडच्या यशवंतराव नाट्यगृहात असेल तर बाबांना चालत पण येता येईल. पुढची तिकिटं लागतील, त्यांना हल्ली डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

आणि अजून एक विचारायचंय. आईचं मशीन पायाचं आहे, जुनं, काळं, दोन वर्षं झाकून ठेवलंय. काल बाबांनी स्वतः कापड काढलं तर चाक जड फिरतंय आणि पट्टा पण कडक झालाय. मुलगी शिकायचं म्हणतेय, शाळेला सुट्टी लागायच्या आत चालू करून द्यायचंय. पेठांमध्ये कोणी अशी जुनी मशीन घरी येऊन दुरुस्त करून देत असेल तर सांगा, रिक्षातून नेण्यासारखं नाहीये ते.